पालीचं पेडल

आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचे बारा डबे आहेत. सगळे एका मापाचे, एकाच झाकणाचे. भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला आलो तेव्हा सासूबाईंचे चेपलेले, गोल, चौकोनी, नाना तऱ्हेचे डबे मी बोहारणीला देऊन टाकले आणि हे बारा आणून ओळीने मांडले. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी आमच्याकडे चहात मीठ पडतं. नवरा म्हणतो, "तुझ्या राज्यात सगळे सारखे, फक्त चहा तेवढा खारट." मी म्हणते, माणसाने लेबल वाचावं.

हे आधी सांगितलं, कारण माझा स्वभाव कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मला पसारा बघवत नाही. माझं डोकं लगेच फिरतं, आणि फिरलं की तोंडही सुटतं. मी एका मोठ्या संस्थेत खरेदी विभाग सांभाळते. शाळा, बालवाड्या, एक कॉलेज, तीन दवाखाने, अशा सगळ्या मिळून चाळीसेक शाखा आहेत. मुख्य कार्यालय भाईंदर पश्चिमेला, आणि तिथल्या दुसऱ्या मजल्यावर दाराजवळ माझं टेबल.

कंप्युटरच्या बाबतीत आमच्याकडे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. प्रत्येक शाखा आपापल्या ओळखीच्या दुकानातून मशीन आणायची. कुठे मुख्याध्यापकांच्या मेव्हण्याचं दुकान, कुठे शिपायाच्या शेजाऱ्याचं. एका शाखेचा प्रिंटर दुसरीच्या मशीनला लागायचा नाही. एकीने मराठीत पाठवलेली फाइल दुसरीकडे उघडली की नुसते चौकोन दिसायचे. आणि बिघडलं की फोन माझ्याकडे. घेताना मला विचारायचं नाही, आणि रडताना मात्र माझाच पदर.

सचिवसरांच्या मी किती वर्षं मागे लागले होते. सगळी खरेदी एका जागेवरून करा, सगळ्यांना एकच मशीन द्या. शेवटी एका सकाळी ते वैतागून म्हणाले, "मग तुम्हीच करा." मी त्या दिवशी घरी जाताना पाव किलो पेढे घेतले होते, हे आता सांगायला लाज वाटते.

पहिलं काम म्हणजे माहिती गोळा करणं. मी एक फॉर्म बनवला. तुमच्याकडे कोणतं मशीन आहे, किती जुनं आहे, कोण वापरतं, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, 'खास गरज असल्यास लिहावी'. तो रकाना म्हणजे मी माझ्याच पायावर मारलेला धोंडा आहे असं मला तेव्हा वाटलं. लोकांनी काय काय लिहिलं होतं. एका मुख्याध्यापकांना लॅपटॉप हवा होता, शिवाय तो घरी नेता येईल असा. एका बाईंची मान दुखायची म्हणून स्क्रीन टीव्हीएवढा. एका बालवाडीने 'रंग गुलाबी चालेल' असं लिहिलं होतं. एकांनी तर एसी मागितला, कंप्युटरला गरम होतं म्हणून. बारावा-तेरावा फॉर्म वाचेपर्यंत माझं डोकं असं तापलं की उरलेले मी बघितलेही नाहीत. सगळा गठ्ठा दोरीने बांधला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकला. शेवटचा रकाना काढून फॉर्म नव्याने पाठवला, नुसता हो-नाही भरायचा.

सचिवसरांना दिलेल्या टिपणात मी लिहिलं, 'एकाला वेगळं दिलं की चाळीस जण मागतील.' हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते सभेत वाचून दाखवलं, आणि इतिवृत्तातही गेलं. मी कॉलर ताठ करून हिंडत होते.

नवी मशीनं आली. चाळीस शाखांत एकच मशीन, एकच कीबोर्ड, एकच माऊस. कोणी आपल्या मनाने काही बदलू नये म्हणून सेटिंगला कुलूप. बाहेरची कुठलीही वस्तू जोडली तर मशीन ती घेणारच नाही, अशीही सोय मी करून घेतली, कारण लोक घरचे पेनड्राइव्ह लावून लग्नाचे फोटो बघायचे. असं काही जोडलं की स्क्रीनवर सूचना येणार होती. ती इंग्रजीत होती. मी म्हटलं, आमच्या लोकांना मराठीत कळलं पाहिजे. मजकूरही मीच लिहून दिला.

जुनी मशीनं, त्यांना जोडलेल्या सगळ्या वस्तूंसकट मी परत मागवली, ती भंगारात गेली. कोणाकडून काय आलं त्याची यादी आमच्या टेबलावर झाली. पालीच्या दवाखान्यातून आलेल्या खोक्यात कंप्युटरबरोबर एक पेडल होतं. काळं, पायाने दाबायचं, त्याला वायर. मी ते उचलून सगळ्या ऑफिसला दाखवलं. "बघा, पालीवाल्यांनी शिलाई मशीनचं पेडल पाठवलंय. उद्या पाटा-वरवंटा पाठवतील." सगळे हसले. मीसुद्धा खूप हसले. यादीत 'पेडल – १' लिहिलं आणि ते भंगाराच्या गाडीत चढलं.

पाली म्हणजे उत्तनच्या पुढचं किनाऱ्यावरचं गाव. तिथल्या दवाखान्यातला कारकून मला फक्त फोनवर माहीत होता. मुख्य कार्यालयात वार्षिक सभेला यायचा, पण मागच्या रांगेत बसायचा आणि चहा न घेता निघायचा, त्यामुळे समोरासमोर भेट कधी झालीच नव्हती. आवाज शांत, बोलणं कमी. महिन्याचा औषधांचा अहवाल चाळीस शाखांत सगळ्यात आधी त्याचा यायचा, एकही चूक नाही. मी बाकीच्यांना त्याचं उदाहरण द्यायचे. "पाली बघा, एका कोपऱ्यात आहे पण काम बघा."

नवी मशीनं आल्यावर पालीचा अहवाल पहिल्या महिन्यात आठ दिवस उशिरा आला. दुसऱ्या महिन्यात त्याहून उशिरा, आणि अर्धा. औषधांची मागणी वेळेवर न आल्याने दवाखान्यात तापाच्या गोळ्या संपल्या. मी चिडले. माझ्या नव्या मशीनला नावं ठेवायला हाच एक नमुना उरला होता का? मी खुलासा मागणारं पत्र धाडलं. उत्तर आलं, 'पुढील महिन्यात वेळेत पाठवण्याचा प्रयत्न करतो.' दुसरं पत्र धाडलं. तेच उत्तर. तिसऱ्या महिन्यात सचिवसर म्हणाले, "जमत नसेल तर गोदामात टाका त्याला." गोदाम म्हणजे भाईंदर पूर्वेचं आमचं पुस्तकांचं गोदाम. दिवसभर गठ्ठे उचलायचे. बदलीचं पत्र मीच टाइप केलं. आणि मनात आलं, हे पत्र स्वतः नेऊन द्यावं, जरा तोंडावर विचारावं की बाबा रे, एवढा चांगला माणूस तू, तुला झालं काय?

भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस घेतली. मोरवा गेलं, मिठागरं गेली, मी मनातल्या मनात त्याला झापत होते. पालीला उतरून गल्लीत शिरले तर दोन बाजूंनी स्कूटर लावलेल्या, मधे एका माणसापुरती वाट. दवाखाना गल्लीच्या टोकाला. दारात नर्सबाई उभ्या होत्या. मी कोण ते सांगितलं, तशा त्या बाजूला झाल्या, पण हसल्या नाहीत.

तो टेबलाशी बसला होता. साधारण माझ्याच वयाचा. मला बघून उठला, आणि मी नमस्काराला हात जोडले तसे त्यानेही जोडले. उजव्या हाताला बोटं नव्हती. एकही नव्हतं. मनगटाच्या पुढे नुसता तळहाताचा तुकडा.

मी बसले की मला बसवलं, आठवत नाही. नर्सबाईंनी पाणी दिलं.

"लहानपणी बोटीवर गेलं, मॅडम," तोच म्हणाला. मी न विचारताच. "जाळं ओढायच्या मशीनमध्ये दोर गुंतला. मग बोट सोडली, टायपिंग शिकलो."

मी त्याच्या टेबलाकडे बघितलं. माझं नवं मशीन, माझा नवा कीबोर्ड. मराठी टाइप करताना बऱ्याच अक्षरांना एक बटण दाबून धरून दुसरं दाबावं लागतं. त्याने उजव्या तळहाताच्या टोकाला रबराने पेन्सिल बांधली होती. पेन्सिलीने एक बटण धरायचं, डाव्या हाताने दुसरं मारायचं. पेन्सिल घसरायची. मी बघत असताना 'पॅरासिटामॉल' तीनदा खोडलं त्याने.

"आणि आधी?" मी विचारलं.

"आधी पेडल होतं ना. ते बटण पायाने दाबायचो. भाईंदर स्टेशनजवळच्या बोळातल्या दुकानदाराने बसवून दिलं होतं."

पर्समध्ये त्याच्या बदलीचं पत्र होतं. मी ते बाहेर काढलं नाही. माझ्या कानात आमच्या ऑफिसचं हसणं वाजत होतं, त्यात सगळ्यात मोठ्याने माझं.

"तुम्ही सांगायचं नाही का?" मी म्हटलं. माझा आवाज चिडका आला. मला चिडायचं नव्हतं, पण मला दुसरा आवाजच येत नाही.

"लिहिलं होतं, मॅडम. पहिल्या फॉर्मवर. मग दुसरा फॉर्म आला, त्यात तो रकानाच न्हाय. म्हटलं, नाही म्हणून उत्तर आलं असेल."

मी परत आले ती तडक ऑफिसात. स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या कप्प्यातला गठ्ठा काढला. दोरीला मीच मारलेली गाठ. पाली खालून तिसरा होता. शेवटच्या रकान्यात, बारीक नीट अक्षरात एकच ओळ लिहिलेली, 'उजव्या हाताला बोटे नाहीत. पायाचे पेडल आहे तेच राहू द्यावे. नवीन काही नको.'

चाळीस जणांत हा एकटा माणूस नवीन काही नको म्हणत होता, आणि त्याचाच फॉर्म मी वाचला नव्हता. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण काडी मी लावली होती. मी त्या स्टुलावरच बसून राहिले. कोणीतरी विचारलं, मॅडम बरं वाटत नाही का? मी म्हटलं, नाही वाटत.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन सचिवसरांकडे गेले. त्यांनी वाचला. वाईट वाटलं त्यांना, ते खोटं नव्हतं. पण मग त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. एकाला वेगळं दिलं की चाळीस जण मागतील. "तुम्हीच लिहिलंय. आता पहिला अपवाद तुम्हीच मागताय. मी बाकीच्यांना काय सांगू?"

माझं वाक्य इतकं चांगलं होतं की त्याला उत्तरच नव्हतं. बरीच गयावया केल्यावर ते म्हणाले, "पत्र महिनाभर थांबवतो. या महिन्याचा अहवाल वेळेत आला तर बघू. नाहीतर गोदाम."

बोटं नसलेल्या हाताने पुस्तकांचे गठ्ठे. मला जेवण गेलं नाही.

त्याने सांगितलेलं भाईंदरचं दुकान मला चांगलं माहीत होतं. पूर्वेला, स्टेशनच्या जवळ, एका बोळात. माझ्या नव्या नियमाने बाद झालेल्या दुकानांत ते पहिलं होतं. मालक गुजराती, वयस्कर. मी पायरी चढले तसा म्हणाला, "आओ बेन. अब तो आप लोग बडे घर से लेते हो." मी मान खाली घालून म्हटलं, एक पेडल हवंय, कंप्युटरला लावायचं. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"वो पालीवाले भाई का? उनका तो है ना. मैंने ही बनाया था, तीन बार पैर का नाप लेके. टूट गया क्या?"

मी सांगितलं, भंगारात गेलं. त्याने कुठलीही वही न उघडता एका चिठ्ठीवर पायाचं माप लिहिलं. ते मला फार लागलं. ज्या दुकानांना मी वशिल्याची दुकानं म्हणायचे, त्यातल्या एकाला माझ्या माणसाच्या पायाचं माप पाठ होतं. मला त्याच्या हाताला बोटं नाहीत हेसुद्धा ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी या म्हणाला, तिसऱ्या दिवशीच तयार ठेवलं.

पेडल पिशवीत घालून मी पुन्हा पालीला गेले. महिना संपायला आठवडा होता. त्याने पेडल हातात घेऊन उलटसुलट बघितलं, खाली ठेवलं, चप्पल काढून पाय ठेवून बघितला. नर्सबाई पहिल्यांदा हसल्या. मी वाकून वायर मशीनला जोडली.

स्क्रीनवर लाल चौकट आली.

'या वस्तूस परवानगी नाही. खरेदी विभागाशी संपर्क साधावा.' खाली फोन नंबर. माझ्या टेबलावरचा.

मी ती चौकट बघत उभी राहिले. शब्द माझे होते. 'साधा' की 'साधावा' यावर मी अर्धा दिवस घालवला होता, 'साधावा' जास्त शोभेल म्हणून.

"हा नंबर मी लावला होता," तो हळूच म्हणाला. "नवीन मशीन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. पेडल परत मिळेल का विचारायला."

"कोणी उचलला?"

तो खिडकीकडे बघायला लागला. नर्सबाई म्हणाल्या, "सांग ना त्यांना. खोटं न्हाय ते."

"तुम्हीच उचलला होता, मॅडम."

"मी काय म्हटलं?"

"जाऊ दे ना."

"नाही, सांगा."

"म्हणालात, चाळीस शाखांना चालतं, मग तुम्हालाच कसं चालत नाही?" आणि मग माझी बाजू सावरत म्हणाला, "घाईत होता तुम्ही. दुपारची वेळ होती."

मी खुर्ची ओढून बसले. त्याच्याकडूनच एक कोरा कागद मागितला आणि पेनाने लिहिलं, पाली दवाखान्यातील कंप्युटरला पेडल जोडण्यास परवानगी देण्यात येत आहे. खाली सही, हुद्दा, तारीख. त्याचा फोटो काढून आमच्या कंप्युटर विभागाला पाठवला आणि फोन लावला. तिथला माणूस घाबरला. "मॅडम, सचिवसरांची सही लागेल ना?"

"स्क्रीनवर काय लिहिलंय? खरेदी विभागाशी संपर्क साधावा. साधलाय. मीच बोलतेय. कुलूप काढ."

पाच मिनिटं गेली. लाल चौकट गेली. त्याने तळहातावरची पेन्सिल सोडली, रबर टेबलाच्या खणात ठेवलं आणि टाइप करायला लागला. मी पेशंटच्या बाकावर बसून ऐकत होते. इतकी वर्षं ज्या अहवालांची मी वाहवा करत होते, ते कसे तयार व्हायचे ते पहिल्यांदा ऐकलं. डावा हात सरसर चालला होता आणि खाली पाय ठेका धरल्यासारखा पडत होता.

त्या महिन्याचा अहवाल चाळीसांत पहिला आला. सचिवसरांनी बदलीचं पत्र रद्द केलं. मला मात्र खुलासा मागणारं पत्र मिळालं, नियम मोडून वस्तू आणल्याबद्दल आणि अधिकार नसताना परवानगी दिल्याबद्दल. पत्राचा नमुना मीच बनवलेला. पालीला दोनदा गेला तोच. मी उत्तर दिलं आणि शेवटी लिहिलं की फॉर्ममधला तो रकाना परत घालत आहे. आता फॉर्म आले की मी चाळीसच्या चाळीस वाचते, गुलाबी रंगापासून एसीपर्यंत, सगळे. पुन्हा डोकं फिरतं, पण वाचते.

त्या फोनचं मात्र काय करू? त्याला शब्दन् शब्द पाठ आहे. वेळसुद्धा. नर्सबाईंनाही आठवतो. मी डबा खात असेन, किंवा दुसऱ्या फोनवर असेन, किंवा नुसती वैतागलेली असेन. कितीदा डोळे मिटून तो दिवस समोर आणायचा प्रयत्न केला. मला तो फोन आठवतच नाही.